मास्तरांचा माणूस

४ मार्च

ऑफिस बंद झालं तेव्हा निरोपादाखल प्रत्येकाला एक डायरी दिली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीची आठवण म्हणे. दोन महिने ती टेबलावर पडून माझ्याकडे बघत होती. आज लिहायला घेतली, कारण आजपासून मला पुन्हा काम लागलं आहे. पगार नाही, हुद्दा नाही, पण काम आहे.

दाजींची पिशवी धरायची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय चौऱ्याहत्तर, धंदा पियानो जुळवण्याचा. बाहेर सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मागच्या महिन्यात ते एका गिऱ्हाइकाच्या जिन्यावरून घसरले. हाडं शाबूत राहिली, पण ताईने जाहीर केलं की आता एकट्याने हिंडायचं नाही. मग घरात रिकामा कोण? मी. त्यांच्याच घरात वरच्या खोलीत राहतो, एकटा जीव.

ताई म्हणाली, "नुसता बसून खुर्ची झिजवतोस, त्यापेक्षा जा त्यांच्याबरोबर. फक्त पिशवी उचलायची आहे."

फक्त. "फक्त कोपऱ्यापर्यंत चल" म्हणून मला दवाखान्यात नेऊन दात उपटवून आणणारी बाई आहे ही.

तसा धंदा मला नवा नाही. सतराव्या वर्षापासून तेविसाव्यापर्यंत मी दाजींच्या हाताखाली शिकलो. मग कायमची नोकरी लागली. दाजींना सांगायला गेलो तर "जा" एवढंच म्हणाले. थांब म्हणाले असते तर थांबलो असतो की नाही, ते आता सांगता येत नाही. पण म्हणाले नाहीत, हे मात्र माझ्या लक्षात राहिलं आहे.

नोकरीत मी दुय्यम लिपिक. सही माझी, पण तिच्याखाली छापलेलं असायचं, "वरिष्ठ अधिकाऱ्यांकरिता". सत्तावीस वर्षांत माझ्या स्वतःच्या नावाने एक कागद ऑफिसातून गेला नाही, रजेचे अर्ज सोडून.

७ मार्च

पहिलं काम. गाणं शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, ऐंशीच्या घरात. त्यांच्याकडचा उभा पियानो दाजी वर्षातून दोनदा जुळवतात.

पिशवीत काय असतं ते लिहून ठेवतो. खुंट्या पिळायची चावी. आपटला की एकच स्वर देणारा पोलादी चिमटा. आणि लोकरीच्या पाच लाल फिती. पियानोत वरच्या प्रत्येक स्वराला तीन तारा असतात. दोन तारांमध्ये फीत खुपसून त्यांची तोंडं बंद करायची आणि तिसरी जुळवायची. मग एकेक सोडत जायचं. तारा जुळल्या नसल्या की आवाजात लाट येते. लाट थांबली की जमलं. सरकारी नोकरीत जन्मभर लाल फितीपायी शिव्या खाल्ल्या, आता तीच खांद्यावर घेऊन फिरतोय.

दाजींनी खालचं आणि मधलं असं जुळवलं की मी पिशवी धरून नुसता ऐकत राहिलो. हात अजून तसेच आहेत, घाई नाही, चूक नाही. मग वरच्या दोन सप्तकांकडे गेले आणि मला वाटलं माझेच कान बिघडले. प्रत्येक तार चढी. जितकं वर जावं तितकी जास्त चढी. दाजी तार पिळतात, मान कलती करून ऐकतात, आणखी पिळतात. तिथे काही ऐकूच येत नाही त्यांना.

काम संपल्यावर त्यांनी विचारलं, "वरचं कसं वाटतंय?"

"उत्तम," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले.

मग नेहमीची रीत. समोरची फळी काढायची, डावीकडची सगळ्यात पहिली पट्टी उपसून तिच्या लाकडी अंगावर पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहायची. पियानो जुळवणारे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. घरमालकाला ते कधी दिसत नाही, फक्त पुढच्या जुळवणाऱ्याला दिसतं. लिहिताना दुसऱ्याने बघू नये, हा दाजींचा नियम. पूर्वीही मला बाहेर पाठवायचे, आजही "जा, चपला घाल" म्हणाले.

घरी येऊन फिती मोजल्या तर चारच. दाजी म्हणाले, "तिथेच राहिली. उद्या जाऊन घेऊन ये. आणि पिशवी असू दे बरोबर, रिकाम्या हाताने गेलेला माणूस बरा दिसत नाही."

पहिल्याच दिवशी वस्तू विसरलो. शोभलं.

८ मार्च

रात्रभर एकच विचार. दाजींच्या घरात दुसरं काही नाही. मूल नाही, शौक नाही, पत्त्यांचा अड्डा नाही. गिऱ्हाइकांचे हे बत्तीस पियानो आहेत आणि ताई आहे. वरचं ऐकू येत नाही ही बातमी फुटली तर महिन्याभरात एकही पियानो राहणार नाही. आणि पियानो गेले तर दाजी खिडकीत बसतील, ते आपण बघायचं.

बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या, वाटच बघत होते." एका फितीसाठी इतकं कोण कुणाची वाट बघतं? पण जुनी माणसं, दुसऱ्याची वस्तू जपणारी. फीत पियानोच्या झाकणावर, अगदी डोळ्यांसमोर होती. बाई म्हणाल्या, "तुमचं चालू द्या निवांत," आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

मी फीत खिशात घातली. दारापर्यंत गेलो. परत आलो. ऑफिसात दुसऱ्याच्या कागदात न विचारता खाडाखोड केली असती तर चौकशी लागली असती. पुन्हा दारापर्यंत गेलो. मग म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते, आणि चावी काढली.

अठ्ठावीस वर्षांनी चावी हातात घेतली. पहिली खुंटी तीनदा पुढेमागे करावी लागली. दुसरीला कमी. दीड तास लागला, दाजींना पाऊण लागला असता. पण शेवटच्या तारेतली लाट थांबली तेव्हा मी तिथे एकटाच हसलो, वेड्यासारखा.

जाताना बाईंनी विचारलं, "तुम्ही मास्तरांचे कोण?"

"त्यांच्या बायकोचा भाऊ."

"ते नातं झालं. मी कामाचं विचारत्येय."

मी चपलांत पाय घालत राहिलो. त्याच म्हणाल्या, "मास्तरांचा माणूस म्हणू."

दाजींना सांगितलं, फीत मिळाली. "बरं," म्हणाले.

१६ मार्च

युक्ती ठरली आहे. प्रत्येक घरी निघताना एक फीत मुद्दाम मागे ठेवायची. दाजी मोजतात, कमी भरते, मला दुसऱ्या दिवशी पाठवतात, मी वरचं उतरवून येतो. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि ताकही आणायचं. दाजींना संशयसुद्धा नाही. फक्त एकदा म्हणाले, "तुझं विसरणं बाकी वक्तशीर आहे हां."

आता एका दिवशी एकच पियानो घेतात आणि दुसरा दिवस मोकळा ठेवतात. वय झालं, थकवा येतो म्हणतात. माझ्या पथ्यावरच पडलं.

२ एप्रिल

लोक मला काय म्हणतात ते नोंदवून ठेवायचं ठरवलं आहे. जुनी खोड, आवक-जावक नोंदवही.

दातांचे डॉक्टर, ज्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पियानो आहे: असिस्टंट.
नाच शिकवणाऱ्या मॅडम: मदतनीस.
हॉटेलचा मॅनेजर: मास्तरांचा गडी.
त्याच हॉटेलची हिशेबनीस, फोनवर, मी ऐकतोय हे माहीत नसताना: तो म्हाताऱ्याचा चमचा.
डॉक्टरांची नात: पिशवीवाले आजोबा. हे मला सगळ्यात लागलं. मी एक्कावन्न वर्षांचा आहे.

दाजी ओळख करून देताना काहीच म्हणत नाहीत. माझ्याकडे नुसता हात करतात.

२१ एप्रिल

आज धांदल झाली. नाचाच्या वर्गात निघताना मॅडमनी गप्पांत गुंतवलं आणि फीत ठेवायची राहूनच गेली. घरी येईपर्यंत अंगाला घाम. म्हटलं, आता उद्या कुठल्या तोंडाने जायचं? आणि दाजींनी मोजल्या तर चारच.

मी ठेवल्याचं मला मुळीच आठवत नाही. पण सवयीचे हात, त्यांनी आपलं आपण केलं असणार. ऑफिसातही मी झोपेत शिक्के मारायचो म्हणतात.

१२ मे

डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी माझ्या हातावर दोन फिती ठेवल्या. मी एकच ठेवली होती. पियानोच्या उजव्या पायाशी, नेहमीची जागा. दुसरी झाकणावर होती म्हणे.

"मास्तर हल्ली विसरायला लागले का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे, मीच वेंधळा," मी म्हणालो. पण मनात पाल चुकचुकली. कान गेले, आता लक्षही जायला लागलं की काय? घरी आल्यावर ताईला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं. वाटलं होतं घाबरेल. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"विसरायला ते काय तुझ्यासारखे आहेत?" म्हणाली.

नवऱ्याची स्मरणशक्ती जातेय आणि ही हसतेय. बायकांचं काही कळत नाही.

९ जून

दुपारी किटली शिट्टी मारत होती. दाजी तिच्या शेजारीच बसून चावीला तेल देत होते. ताई बाहेरून धावत आली आणि तिने गॅस बंद केला. दाजी म्हणाले, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, दूध बघायला आले."

म्हणजे हिला माहीत आहे. मी डोळ्यांनी विचारलं, तिने डोळ्यांनीच गप्प बसवलं. आता आम्ही दोघं मिळून दाजींपासून लपवतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण दोघांच्या हातांनी झाकायची म्हणजे अवघड काम.

३० जून

एक गोष्ट कबूल करतो. मला आवडायला लागलंय. सकाळी उठताना आज पहिला दिवस आहे की दुसरा, हे आधी आठवतो. दुसरा असला की लवकर उठतो. आता वरची दोन सप्तकं तासाच्या आत होतात.

आणि वाईटही वाटतं. दाजी प्रत्येक वेळी "वरचं कसं वाटतंय" विचारतात आणि मी "उत्तम" म्हणतो. जन्मभर ज्या माणसाने लाट ऐकू आली तर आली म्हणायला शिकवलं, त्याच्या तोंडावर दर आठवड्याला खोटं बोलतो.

१४ ऑगस्ट

संकट.

सभागृहातून फोन आला. बाहेरून एक नामांकित पियानोवादक बाई येणार आहेत. तेवीस तारखेला संध्याकाळी साडेसहाला कार्यक्रम. सकाळी त्या स्वतः वाजवून बघणार, त्यात तारा ढळणार, म्हणून जुळवायचं दुपारी दोन ते पाच. त्याच दिवशी. पाचनंतर पियानोला कुणी हात लावायचा नाही.

म्हणजे दुसरा दिवस नाही. फीत ठेवली काय, नाही ठेवली काय. पाचशे माणसं वरचं सप्तक ऐकणार, आणि वाजवणारी बाई पहिल्या मिनिटाला ओळखणार.

दाजी फोन ठेवून म्हणाले, "चोवीस वर्षं हा पियानो मी जुळवतोय." चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

१७ ऑगस्ट

ताईला म्हटलं, त्यांना तेवीस तारखेला काहीतरी कारण काढून घरी ठेव. कंबर, ताप, काहीही.

"मी नाही ठेवणार. तुला वाटतं तर तू सांग त्यांना खरं काय ते."

"मी? माझी काय बिशाद?"

"मग बस."

भांडलो. पन्नाशी उलटल्यावर बहीण-भाऊ भांडतात तेव्हा बोलायला नवं काही नसतं. तिने माझ्या हातून फुटलेला माठ काढला, मी तिची हरवलेली छत्री काढली. छत्री छत्तीस वर्षांपूर्वीची.

२२ ऑगस्ट

उद्या जाताना वाटेत सांगणार. शब्द ठरवले आहेत. "दाजी, वरचं तुम्हाला नीट ऐकू येत नाही. मी करतो." एवढंच. आरशासमोर चार वेळा म्हणून बघितलं. चौथ्या वेळी "साहेब" तोंडातून गेलं.

२३ ऑगस्ट

सगळं नीट लिहायचं आहे, म्हणून सावकाश लिहितो.

वाटेत सांगितलं नाही. दाजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता, त्यावर बोलवेना.

सभागृह रिकामं होतं. मंचावर तो लांबलचक काळा पियानो. व्यवस्थापक, टाय लावलेला, घाबरट पण चांगला माणूस, पहिल्या रांगेत घड्याळ घेऊन बसला. पियानोवादक बाई पाचव्या रांगेत डोळे मिटून बसल्या होत्या. मी पिशवी उघडून एकेक फीत देत होतो आणि घेत होतो.

खालचं झालं. मधलं झालं. इतकं सुरेख मी दाजींकडूनही कधी ऐकलं नव्हतं. साडेतीन वाजले. दाजी वरच्या तारांपाशी आले, फीत खुपसली, चावी खुंटीला लावली. आणि थांबले.

मी म्हणायला तोंड उघडलं. "दाजी," एवढंच निघालं.

त्यांनी चावी काढली आणि माझ्यासमोर धरली.

"घे. आज उद्या नाहीये."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. चावी हातात आली, मग कळलं.

व्यवस्थापक उठून उभा राहिला. "मास्तर, माफ करा, पण मदतनिसाच्या हातात? हा सभागृहाचा पियानो आहे. लहानसहान काम नाही."

दाजी त्याच्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "वरच्या दोन सप्तकांपर्यंत माझा कान आता पोचत नाही. दोन वर्षं कमी होत गेला, गेल्या थंडीत पुरताच थांबला. गेले सहा महिने माझ्या नावावर जे पियानो वाजतायत त्यांचं वरचं सगळं याने केलंय. कुणाची तक्रार आली?"

"नाही, पण..."

"मग बसा."

आणि स्वतः जाऊन शेवटच्या रांगेत बसले. इतक्या लांब, की चेहरा दिसेना.

मी सव्वा तास काम केलं. पहिली दहा मिनिटं हात माझे नव्हते. मग तारांमधली लाट ऐकू यायला लागली आणि बाकीचं मागे पडलं. पाचला दहा कमी असताना शेवटची फीत काढली. बाई मंचावर आल्या. खालून सुरू करून वरपर्यंत गेल्या, वरच्या टोकाला तीनदा फिरल्या. मी पिशवीचा पट्टा इतका घट्ट धरला होता की बोटांवर वळ उठले.

"वरचं कोणी केलं?" बाईंनी विचारलं. आधीचं बोलणं त्यांना कळलं नव्हतं असं नाही, त्या तिथेच होत्या. तरी विचारलं.

"मास्तरांच्या वतीने मी," माझ्या तोंडून निघालं. सत्तावीस वर्षांची सवय.

शेवटच्या रांगेतून दाजी म्हणाले, "वतीने नाही. त्याने केलंय." एवढं मात्र त्यांना बरोबर ऐकू आलं.

बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. "असंच राहू द्या," म्हणाल्या. कार्यक्रम आम्ही शेवटच्या रांगेतूनच ऐकला. वरचे स्वर वाजले की दाजी माझ्याकडे बघायचे, आणि मी मान हलवली की पुढे बघायचे.

२४ ऑगस्ट

सकाळपासून चिडलो आहे.

म्हणजे मला सहा महिने गाढव बनवलं. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही, आणि इथे तर कोंबडं त्यांनीच मला झाकायला दिलं होतं. पहिली फीत त्यांनी ठेवली. एकवीस एप्रिलची त्यांनी ठेवली. डॉक्टरांकडे दोन निघाल्या त्यातली एक त्यांची. गाण्याच्या शिक्षिकाबाईंना त्यांनीच सांगून ठेवलं होतं, उद्या माझा माणूस येईल. आणि मी इथे डायरीत युक्ती ठरली म्हणून लिहितोय.

चहाच्या वेळी दाजींना विचारलं. चांगलं तावातावाने विचारलं. "आधीच का नाही सांगितलंत?"

"तू का नाही सांगितलंस? दर वेळी विचारत होतो, वरचं कसं वाटतंय म्हणून."

मी चहात साखर ढवळत बसलो.

"तुला सांगवत नव्हतं आणि मला ऐकवत नव्हतं," दाजी म्हणाले. "दोघांचं भागत होतं. सभागृहाचा फोन आला नसता तर अजून वर्षभर भागलं असतं." मग बशीत चहा ओतत म्हणाले, "तू नोकरीला निघालास तेव्हा थांब म्हणायला हवं होतं. तुझं कायमचं होत होतं, माझ्याकडे काय कायमचं होतं? म्हणून म्हटलं नाही. नंतर रोज वाटायचं."

ताई उठून बाहेर गेली. मलाही उठावंसं वाटत होतं, पण चहा गरम होता.

३० ऑगस्ट

नऊ गिऱ्हाइकांचे फोन आले. व्यवस्थापकाच्या पोटात काही राहत नाही. दोघांनी काम थांबवलं, त्यात हॉटेल एक. सात जण म्हणाले, दोघांनी या. डॉक्टर म्हणाले, "मला मे महिन्यापासून माहीत होतं. फक्त फिती कोण किती ठेवतो ते कळत नव्हतं."

दाजी हॉटेलच्या फोननंतर तासभर खिडकीत बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो. त्यांनीच विचारलं, "पुढचा कोण?"

"शिक्षिकाबाई. सात तारखेला सहा महिने होतात."

"त्यांच्याकडे तू एकटा जा. सगळा तूच जुळव, खालपासून. आणि शेवटी पहिली पट्टी काढ. आता लिहायचं तुला."

७ सप्टेंबर

बाईंनी दार उघडलं. "आज मास्तर नाहीत?"

"आज मीच आहे."

"ते तर त्या दिवशीही होतात," म्हणाल्या, आणि या वेळी आतल्या खोलीत न जाता खुर्ची ओढून बसल्या.

अडीच तास लागले. खालचे जाड तारांचे स्वर मी कितीतरी वर्षांत जुळवले नव्हते, त्यात वेळ गेला. दोन ठिकाणी पुन्हा मागे जावं लागलं. दाजी असते तर मागे जावं लागलं नसतं. पण जुळलं. बाईंनी वरपासून खालपर्यंत एकदा बोटं फिरवली आणि "हं" म्हणाल्या.

मग मी समोरची फळी काढली आणि डावीकडची पहिली पट्टी उपसली. लाकूड जुनं, पिवळं पडलेलं. त्यावर ओळीने दाजींचं नाव आणि तारखा, वर्षातून दोन. काही इतक्या पुसट की खिडकीपाशी नेऊन वाचाव्या लागल्या. शेवटी शेवटी सात मार्च, दाजींचं नाव.

आणि त्याच्याखाली, त्याच पेन्सिलीने, त्याच अक्षरात, आठ मार्च. माझं नाव. नुसतं हाक मारायचं नाही, माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्यावर "करिता" नाही, खाली कुणी वरिष्ठ नाही.

मी पट्टी हातात धरून बसलो. हे त्यांनी सात तारखेला लिहिलं. मला चपला घालायला पाठवलं तेव्हा. आठ तारखेला मी दोनदा दारापर्यंत गेलो होतो. परत येईन की नाही, हे माझं मलाही माहीत नव्हतं. त्याच्या आदल्या दिवशी यांनी लिहून ठेवलं होतं.

बाईंनी विचारलं, "काय झालं?" मी पट्टी त्यांच्यापुढे धरली. घरमालकाला दाखवायचं नसतं, नियम मोडला. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि पट्टी माझ्याकडे परत दिली. "म्हणजे हे नाव आहे तुमचं," म्हणाल्या.

खाली आजची तारीख घातली. नाव लिहिताना हात सवयीने काहीतरी आधी लिहायला गेला, त्याला आवरलं. पूर्ण नाव लिहिलं. पट्टी बसवली, फळी लावली, फिती मोजल्या.

घरी आलो तेव्हा दाजी दारातच होते.

"फिती?"

"पाच आहेत."

"मोजल्यास?"

"मोजल्या."

तरी त्यांनी पिशवी घेतली आणि पाचही फिती एकेक करून मांडीवर काढल्या, मोजल्या, परत आत ठेवल्या. "वरचं कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

"वरचं चांगलं झालं," मी म्हणालो. "खालचं दोन जागी थोडं कमी वाटतंय. उद्या तुम्ही चला, एकदा ऐकून घ्या."

"येतो," दाजी म्हणाले.